मामा त्या कॅम्पमध्ये खरंच काय बोलला

माझा सुधाकरमामा कॅन्सरने गेला नाही.

हे आधीच सांगते, कारण सकाळपासून फोनवर चार जणांचं "शेवटी खर्र्यानं नेलंच" म्हणून झालंय.

काल दुपारी जेवून आडवा झाला तो उठला नाही. हार्ट. कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पुष्कळ वर्षं जगला, आणि दणकून जगला.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी लिहिते.

मामा मेहकरच्या मार्केट यार्डात हर्रास बोलायचा. सोयाबीनच्या ढिगापाशी उभा राहून भाव पुकारायचा. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये. त्याला माईक लागायचा नाही.

मग घशाचा कॅन्सर झाला. तंबाखू-सुपारीचा खर्रा वर्षानुवर्षं खाल्लेला, ते त्याने कधी लपवलं नाही. नागपूरला ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. गळ्याला एक भोक राहिलं, श्वास तिथून. बोलायला टॉर्चएवढं एक मशीन. ते गळ्याला टेकवायचं आणि ओठ हलवायचे. शब्द कळायचे, पण सपाट, घरघरत, खेळण्यातल्या रोबोटसारखे.

चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवलं की गीतांच्या वेळी मशीन बंद ठेवलं तर बरं, लोकांचं लक्ष विचलित होतं.

पुढच्या रविवारी मामा पहिल्या बाकावर बसला आणि मशीन लावून सगळी कडवी म्हणाला.

असा माणूस.

आता कॅम्पबद्दल. सकाळपासून लोक त्याबद्दलच अर्धवट सांगताहेत.

दर मे महिन्यात देऊळघाटच्या पुढे एका होस्टेलवर आमच्या चर्चच्या मुलामुलींचा समर कॅम्प असतो. आठवी ते बारावी. मुलींच्या रूम मी सांभाळते. मामा पहिल्यांदा तिथे बोलला त्या वर्षी पास्टर नवीन होते, शहरातून आलेले. मनाने चांगले. मुलांच्या खिशात खर्र्याच्या पुड्या सापडल्या तेव्हा त्यांनाच सुचलं, की सुधाकरभाऊंना बोलवू.

मामा लगेच तयार झाला. इस्त्रीचा शर्ट घालून आला.

पास्टरनी ओळख करून दिली. म्हणाले, या भावाने देवाने दिलेल्या शरीराचा अपमान केला, म्हणून देवाने त्यांचा आवाज काढून घेतला. मग मामाकडे वळून म्हणाले, गळ्यावरचा रुमाल काढून मुलांना दाखवा.

मामाने रुमाल काढला नाही. मशीन लावलं.

"देवानं नाही नेला आवाज. डॉक्टरनं काढला, मले वाचवाले."

पोरं हसली. त्या आवाजाला हसली. मागच्या रांगेतला एक पोरगा तर नक्कल करायला लागला.

मामाने नेमकं त्यालाच पुढे बोलावलं.

"ये बे. नीट करून दाखव."

मशीन त्याच्या गळ्याला टेकवलं आणि खुणेने सांगितलं, आवाज काढू नको, नुसते ओठ हलव. पोराने स्वतःचं नाव घेतलं. हॉलभर तीच घरघर. सगळे हसले, तो पोरगाही हसला. मामाही हसला, आवाज न करता, खांदे हलवत.

त्यानंतर कोणी त्या आवाजाला हसलं नाही.

खर्र्याबद्दल तो अगदी थोडं बोलला. खाऊ नका, लय दुखते. मले आता भाकरीचा वास भी येत नाही.

मग एक मुलगी उभी राहिली. दहावीतली, दुसरबीडकडची. तिच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर झाला होता. तिने रूममध्ये कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

"माह्या पप्पाले देवानं शिक्षा केली काय?"

पास्टर काहीतरी बोलायला पुढे झाले. मामाने हात आडवा केला.

"नाही."

मशीन काढलं, परत लावलं.

"नाही, पोरी. कोनी म्हनलं तं मले येऊन सांग. तू बापाजवळ बस. त्याले बोलता येत नसन तं तू बोलत जाय."

ती रडायला लागली. मामा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसला. पुढची गीतं, प्रार्थना, सगळं राहूनच गेलं.

पास्टर चिडले होते. जेवताना म्हणाले, मुलांना भीतीच उरली नाही तर ती सवय सोडतील कशी?

मामा शांतपणे वरण कालवत होता. घास संपवला, मग मशीन उचललं.

"तुमाले भेव दाखवाचं तं दाखवा. माह्या गळ्याचं भोक त्याच्यासाठी मांगू नका."

त्या दोघांचं यावर शेवटपर्यंत जमलं नाही.

पुढच्या वर्षी मामाला बोलावणं आलं नाही. मामा न बोलावता गेला. भर उन्हात दोन बस बदलून. पोरांनी गेटवरूनच त्याला आत नेलं, पुढे बसवलं. पास्टर स्वतः पाणी घेऊन आले. त्यानंतर दर मे महिन्यात मामा कॅम्पला असायचाच.

त्या मुलीचे वडील नाताळच्या आधी गेले. ते वाचणार नव्हतेच. पण ती रोज त्यांच्या खाटेपाशी बसून शाळेतलं, गल्लीतलं, काहीबाही सांगत राहायची. तिच्या आईने हे मामाला घरी येऊन सांगितलं. त्या संध्याकाळी मशीन खिशातच राहिलं.

उद्या सकाळी मेहकरला, आपल्या दफनभूमीत.

या. जरूर या. पण कबरीपाशी कोणी त्याला पोरांना घाबरवायचं उदाहरण करायचं नाही. मी उभी असेन. मध्येच थांबवीन, मग पास्टर असोत की आमचे नातेवाईक.

आणि "आता देवानं त्याला आवाज परत दिला असेल" हेही नको. होता तो आवाज आम्हाला पुरत होता.

मामा, तुला शांती लाभो असं मी म्हणणार नाही. शांत बसणं तुला कधी जमलंच नाही.

जा.

तुझ्या भाचीचा शेवटचा सलाम.