हेल्गाची ओटी

आमची हेल्गा गेली. आज सकाळी माती दिली.

बर्लिनमध्ये एकतीस वर्षं आमची भिंतीला भिंत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. जर्मन शिकले ती हिच्या स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता.

"गाव कुठलं तुझं?" असं कोणी विचारलं की हेल्गा गप्प व्हायची.

पाच वर्षांची असताना, लढाई संपल्यावर, आईबरोबर हातगाडी ओढत गाव सोडलं. गाव पोलंडमध्ये गेलं, नावही बदललं.
तिथून जर्मन म्हणून हाकललं. इथे शाळेत पोरं 'पोलंडवाली' म्हणून चिडवायची.
मग पूर्व जर्मनीत वाढली, तर तो देशही एक दिवस नकाशावरून पुसला गेला.

मी निपाणीची. मराठी-कानडी पाट्यांवरून डोकी फुटलेली लहानपणी पाहिलीत. म्हणून तिचं गप्प होणं मला कळायचं.

एकदा म्हणाली, "सुमन, ते घर एकदा बघायचंय. पण तिथल्या लोकांना वाटेल, मी घर मागायला आले."
ऐंशी ओलांडली होती तिनं, नवराही गेलेला. म्हटलं, आता नाही तर कधी?

माझा चिन्मय गाडी चालवायला. वाटेत हेल्गाचं एकच पालुपद, "आधी पत्र पाठवायला हवं होतं. टर्मिन घ्यायला हवी होती."
"अगं, माहेरी जायला कसली आलीय टर्मिन!"
"आई, इथे वेळ ठरवल्याशिवाय सख्ख्या भावाकडे जात नाहीत," चिन्मय म्हणाला.
मी कशाला ऐकतेय!

गाव धुक्यात होतं. झाडं, कुंपणं, सगळं दुधात भिजवल्यासारखं.
मधेच एक निळं दार.
"हेच," हेल्गा म्हणाली. आवाज पाच वर्षांच्या पोरीचा.

दार उघडलं एका म्हाताऱ्या बाईनं. हेल्गाचं जर्मन ऐकलं नि चेहरा दगड झाला. दार मिटायला लागलं.

चूक माझीच होती. न कळवता घेऊन आले होते.

रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून पिशवीत नारळ घेतला होता. तो पुढे केला, तर बाई दोन पावलं मागे!

मग चिन्मयनं मोबाईल धरला. मी मराठीत बोलले, मोबाईल पोलिशमध्ये बोलला.
"बाई, ही घर मागायला नाही आली. आमच्याकडे लेक जन्मघरी येते. दोन घटका बसते. घरची बाई तिची ओटी भरते. ती निघते. बस."

बाईनं दार पुन्हा उघडलं.
मग हळूच काही बोलली. मोबाईल मराठीत म्हणाला,
"माझ्या आईलाही रशियनांनी तिच्या गावाहून हाकललं होतं, पार पूर्वेकडून. मग हे घर मिळालं. दोन पेट्या मरेपर्यंत बांधून ठेवल्या होत्या तिनं. जर्मन परत येतील म्हणून."

मी हेल्गाला जर्मनमध्ये सांगितलं. ती पायरीवरच बसली.
"माझ्या आईनंही एक ठेवली होती. परत जायचं म्हणून."

दोघी एकमेकींचे हात धरून रडल्या. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती.

निघताना बाईनं परसातले प्लम आणले. मी हेल्गाला तिच्या स्कार्फचं टोक पसरायला लावलं आणि बाईला बोटांनी खूण केली, पाच.
पाच निळेजांभळे प्लम पदरात पडले. धुक्यात त्या दोघी मला सख्ख्या बहिणी दिसल्या. अजूनही कधी कधी वाटतं, मी ते स्वप्नातच पाहिलं.

परतताना हेल्गानं पाचही खाल्ले. बिया रुमालात बांधल्या. मागच्या महिन्यात त्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुझ्याकडे असू देत."

त्यानंतर कोणी गाव विचारलं की हेल्गा दोन्ही नावं सांगायची. आधी जुनं, मग नवं. आणि वर, "तिथे माझं माहेर आहे." हा शब्द मराठीतच.

आज सगळ्यांनी खड्ड्यात मूठमूठ माती टाकली. मी ओंजळभर तांदूळ आणि त्या पाच बिया सोडल्या.
नवरा गेलेल्या बाईची ओटी भरत नाहीत म्हणतात.
म्हणू देत. लेक ती लेकच.

नीट जा गं, हेल्गा.
आता टर्मिन लागणार नाही.