राखेच्या बुधवारपासूनची बोहनी

साठ सालाच्या आगेमागे आम्ही डहाणू रोडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहत होतो. नवरा स्टेशनात नोकरीला. माझं माहेर वसईकडचं, ख्रिस्ती, त्यामुळे मासळीशिवाय घास उतरत नसे. चिंचणीची एक मावशी रोज सकाळच्या एस.टी.नं मासळीची पाटी घेऊन यायची आणि पहिली माझ्याच दारात उतरवायची. माझ्या हातची बोहनी झाली की पाटी लवकर रिकामी होते, असा तिचा विश्वास. मी कल्ले उघडून बघायची, नाक मुरडायची, घासाघीस करायची आणि घ्यायची. मग शेजारणीही निर्धास्तपणे घ्यायच्या.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा आमचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, माझ्या अंगात आलं. उपवासकाळात मांस सगळेच टाळतात, मासे मात्र चालतात. मी मासेही सोडले, थेट ईस्टरपर्यंत. शिवाय उपास मिरवू नये, तो देवाला तेवढा कळावा, अशी शिकवण आहे. म्हणून घराबाहेर कोणाला सांगायचं नाही असंही ठरवलं. मावशी आली की मी खिडकीतूनच "आज नको" म्हणून हात हलवायची. ती जरा वेळ थांबायची आणि पुढे जायची. मी मात्र दोडक्याची भाजी ढवळताना स्वतःवर बेहद्द खूश असायची.

चौथ्या आठवड्यात मावशी यायचीच बंद झाली. नळावर शेजारणीला विचारलं, तर ती म्हणाली, "तुम्हीच घेईनाशा झालात, तेव्हा आम्ही म्हटलं, माल खराब असणार. आम्हीही सोडलं."

म्हणजे तिची गिऱ्हाइकं मीच तोडली होती. तरी मी काही केलं नाही. ईस्टर झाला की सांगू, असं म्हणत दिवस ढकलले. खरं कारण वेगळंच होतं. माफी मागणं माझ्या रक्तातच नाही, आणि तीही दारावर येणाऱ्या बाईची. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात चर्चमध्ये पापनिवेदनाला गेले तेव्हा फादरना हे सगळं सांगून टाकलं. ईस्टरनंतर तिच्याकडे जाते, असंही मी म्हटलं.

फादर म्हणाले, "तोवर ती काय करील?"

रात्रभर मला त्यांचा राग येत होता. माझ्या उपासाचं कौतुक नाही ते नाही, वर हे. सकाळी, आज्ञागुरुवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या गुरुवारी, मी चिंचणीच्या एस.टी.त बसले. कशी बसले ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या स्वभावानं मला तिकडे नेलं नव्हतं, एवढं नक्की.

मावशी घरामागे बोंबील वाळत घालत होती. मला बघून हात पदराला पुसत आली, पाय धुवायला पाणी दिलं. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाय, माजं काय चुकलं? मी रोज इचार करतंय." आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन भात आणि बोंबलाचं कालवण वाढून आणलं. दारी आलेल्या माणसाला उपाशी कसं धाडायचं, म्हणाली.

ताट समोर होतं. ईस्टरला तीन दिवस उरले होते. आता उपासाचं सांगितलं असतं, तर तिला ती सबब वाटली असती, किंवा तिच्या हातचं खायचं टाळते आहे असं. मी म्हटलं, "मावशी, तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर." आणि जेवायला बसले. पहिला घास घेतला तशी रडूच आलं.

जेवून झाल्यावर उपासाचं सांगितलं. मावशी कपाळाला हात लावून बसली. "मग खाल्लंस कशाला? एवढ्या दिसांचा उपास माज्यापायी मोडला."

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ती पाटी घेऊन दारात उभी होती. मी कल्ले बघितले नाहीत. क्वार्टर्समधल्या सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मावशी, इतके दिवस माझा उपास होता. तुझी मासळी ताजीच होती."