उजव्या खांद्याची शिवण

आमच्या साडूंइतका धोकादायक माणूस निगडीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात दुसरा सापडणार नाही. दिसायला म्हणाल तर अगदी निरुपद्रवी. ठेंगणे, गोलसर, चष्मा कपाळावर चढवलेला आणि इतकी वर्षं प्राधिकरणात राहूनही बोलण्यातलं लातूर तसूभर न हललेलं. पण हा माणूस दारातून आत आला की आमच्या घरात ताण पसरतो. बायको दोरीवरचे कपडे घाईघाईने गोळा करते. मी अंगावरच्या शर्टाची कॉलर चाचपून तो अजून वापरातला दिसतोय ना, याची खात्री करून घेतो. साडू खुर्चीत बसतात, पाणी पितात, इकडची तिकडची चौकशी करतात आणि मग अगदी मऊ आवाजात विचारतात, "ही पॅन्ट अजून घालता का हो तुम्ही?" हा प्रश्न आला की त्या पॅन्टचे दिवस भरले म्हणून समजावं. पुढच्या भेटीत ती पिशवी होऊन परत येते, दोन बंद लावून, आणि आतल्या बाजूला आपला जुना खिसा जसाच्या तसा. "चिल्लर ठेवायला," साडू सांगतात.

चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे दरवाजे दाबून काढायच्या मशीनवर त्यांचा उभा जन्म गेला. रिटायर झाल्यावर या हातांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. त्याचं उत्तर त्यांना मोबाइलमध्ये मिळालं. तिथे एक बाई जुन्या कपड्यांपासून नवं काहीबाही शिवायला शिकवायची आणि दर वेळी म्हणायची, "मैत्रिणींनो, एकदम सोप्पं आहे." आपल्याला कुणी मैत्रीण म्हणतंय याचं साडूंना काहीच वाटलं नाही. सोप्पं आहे, एवढंच त्यांनी मनावर घेतलं. घरात मशीन होतीच. ताईंच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीच्या, रुखवतात आलेली. ताईंनी आयुष्यभर तिच्यावर कुंड्या ठेवल्या, पापड वाळवले, पण कधी पायटा हलवला नाही. साडूंनी कुंड्या उतरवल्या, तेल घातलं, आणि त्या घराची शांतता संपली.

मिक्सरला टोपडं आलं, रिमोटला दुलई आली, गॅसच्या सिलिंडरला झालर लावलेला झगा आला. स्कूटरच्या सीटला त्यांनी फुलाफुलांचं कव्हर शिवलं आणि तिच्यावरून ते भरदिवसा निगडीच्या बसस्टँडसमोरून गेले. कंपनीतली भाषा मात्र सुटली नव्हती. कापडाला ते 'मटेरियल' म्हणत. काही बिघडलं आणि आपण हसलो, तर बोट वर करून सांगत, "रिजेक्शन न्हाई हे. रीवर्क!" मला त्यांनी एकदा पडद्याच्या उरलेल्या कापडाचा कुर्ता शिवून दिला. भीड मोडवेना म्हणून मी तो घालून त्यांच्याच हॉलमध्ये, त्याच पडद्याला टेकून बसलो. आलेल्या शेजाऱ्यांनी ताईंना विचारलं, "तुमचे पाहुणे गेले वाटतं?"

ताईंचा या उद्योगावर राग होता आणि तो त्या लपवत नसत. "अहो, घरात एक चादर अख्खी राहू द्या," असं त्यांचं दिवसभर चालायचं. आपल्या साड्यांचं कपाट त्यांनी कुलूपबंद केलं होतं. किल्ली कमरेला. "माझ्या ब्लाउजला कात्री लागली ना, तर त्या दिवशी मी लातूरची गाडी धरीन." साडू हसायचे, पण कपाटाजवळून जाताना खरंच थोडे लांबून जायचे.

आणि मग एका सकाळी देवपूजा करताना ताईंच्या हातातली घंटा खाली पडली. उचलायला वाकल्या त्या वाकूनच राहिल्या. पॅरालिसिसचा झटका. दवाखाना वेळेत गाठला म्हणून बोलणं राहिलं, पाय काठीच्या आधाराने चालू लागले. उजवा हात मात्र छातीशी आखडून बसला, आणि जरा वर उचलला की खांद्यातून अशी कळ यायची की ताई डोळे मिटून घ्यायच्या. घरी आल्यावर पहिल्यांदा त्यांना साडी नेसवायची म्हणून माझी बायको आणि शेजारच्या वहिनी दोघी लागल्या. साडीचं कसंबसं जमलं असतं, पण ब्लाउजच्या बाहीतच तो हात जाईना. इकडून ओढा, तिकडून सरकवा. शेवटी ताई ओरडल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्या दिवसापासून त्या गाऊनवर आल्या. गाऊनवर कुणासमोर यायचं नाही, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. म्हणून त्या कुणासमोर येईनाशाच झाल्या. बाल्कनीत नाहीत, दारात नाहीत. मी गेलो तरी आतूनच, "पाहुणे, चहा घेऊन जा."

साडूंनी मशीनवर चादर टाकली. इतका न बोलणारा साडू मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे ते यायचे, पाणी प्यायचे आणि पॅन्टकडे न बघताच निघून जायचे. आमच्या घरात आता दोरीवरचे कपडे कुणी काढत नव्हतं, आणि त्याचंच वाईट वाटायचं.

अशात त्यांच्या मुलीला मुलगी झाली. बारसं खरं तर माहेरी व्हायचं, पण आईची ही अवस्था, म्हणून दिघीला सासरीच ठरलं. पोरगी फोनवर रोज विचारायची, "आई, येणार ना?" ताई रोज सांगायच्या, "बघू." आदल्या दिवशी त्यांनी स्पष्टच सांगून टाकलं, "गाऊन घालून विहिणीपुढे मी नाही यायची. तू आपलं उरकून घे." पोरगी तिकडून रडत म्हणाली, "तू नाहीस तर पाळणाच हलवणार नाही मी." दोघीही हट्टाच्या पक्क्या. कोण खरं करून दाखवेल याचा भरवसा नव्हता.

बारशाच्या दिवशी दुपारी आम्ही निगडीला पोचलो. ठरलं होतं ते असं, की बायकोने बहिणीला शेवटचं समजावून बघायचं, नाहीतर साडूंना घेऊन आम्ही दिघीला निघायचं. दार उघडंच होतं. मशीनवरची चादर खाली पडलेली. साडू मशीनवर वाकलेले, आणि त्यांच्या पुढ्यात ताईंचा जांभळा पैठणीचा ब्लाउज. पोरीच्या लग्नात घातलेला. उजव्या खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत उसवलेला, आणि ती बाहीही अंगापासून सुटी करून बाजूला ठेवलेली.

बायकोने माझा दंड इतका जोरात धरला की तिची नखं रुतली. "दाजी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "किल्ली कुठून घेतली?"

"तिच्या उशाखालून." त्यांनी मान वर केली नाही. "ती झोपलेली हाय. बोलू नका. मी शिवायलोय."

"आजच? हाच ब्लाउज? अहो, याचं जास्तीचं कापडसुद्धा नाही!"

"दुसरा घेतला असता तर ती म्हणली असती, विहिणीपुढे हा घालू का." आणि मग पायटा थांबवून त्यांनी जे सांगितलं, तितकं सलग बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. "हात वर न्यायचा न्हाई, बाहीत घालायचा न्हाई. डावा हात नेहमीसारखा. उजवीकडचं सगळं खालनं गुंडाळून आणायचं आणि वर खांद्यावर चिकटवून टाकायचं. पुढं हुकाच्या जागीबी तेच. मी माझ्या बनियनवर टाचण्या लावून करून बघितलंय. होतंय."

चिकटवायला त्यांनी बुटाला असते तसली चरचर पट्टी आणली होती. खांद्याची शिवण त्यांनी पुरी केली, उचलून दोन्ही काठ एकमेकांवर दाबले. ते सुटले. पुन्हा दाबले. पुन्हा सुटले. साडूंनी चष्मा खाली ओढून जवळून बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. दोन्ही काठांना मऊच पट्टी लागली होती. खरखरीत पट्टी दुकानदाराने दिलीच नव्हती, किंवा यांनी बघून घेतली नव्हती. रविवार दुपार, दुकान बंद. तेवढ्यात पोरीचा फोन वाजला. बायकोने तो घेतला आणि "निघतोय, निघतोय" म्हणत स्वयंपाकघरात गेली.

साडूंनी खोलीभर नजर फिरवली. ती नजर माझ्यावर येऊन थांबली, आणि मग हळूहळू खाली, माझ्या कमरेवर. कमरेचं दुखणं असल्याने मी शर्टावरूनच पट्टा बांधला होता. डॉक्टरांनी दिलेला, चांगला रुंद, मागे पोलादी पट्ट्या आणि पुढे हे भलं मोठं खरखरीत तोंड.

"साडूभाऊ," ते मऊ आवाजात म्हणाले, "हा पट्टा अजून घालता का हो तुम्ही?"

मी पट्टा काढून दिला. कात्री चालली तेव्हा कमरेतून एक कळ गेली, पण ती बहुधा मनाची होती.

आता साडूंच्या हातांना घाई झाली होती. मऊ पट्टी एका काठाची उसवली, खरखरीत लावली, दोरा तुटला, ओवला, पुन्हा तुटला. पुढची पट्टी झाली. बाही अंगाला जोडली. शेवटची टीप मारून ते दोरा दातांनी तोडणार, तोच काठीचा आवाज आला.

ताई दारात उभ्या होत्या. गाऊनमध्ये, केस सुटलेले, छातीशी आखडलेला हात. त्यांनी मशीन बघितली, जमिनीवर पडलेल्या जरीच्या बारीक कातरणी बघितल्या, मग नवऱ्याच्या हातातला जांभळा ब्लाउज बघितला. बायको स्वयंपाकघराच्या दारात फोन धरून तशीच थिजली. साडू उभे राहिले. शाळेत पट्टी खायला उभं राहावं तसे. त्यांनी ब्लाउज पाठीमागे लपवायला नेला आणि मग, कशाला, असं वाटून पुन्हा पुढे आणला.

ताईंनी मान वाकडी करून खांद्याची शिवण बघितली.

"ही बाही उलटी लागलीय," ताई म्हणाल्या.

साडूंनी खाली बघितलं. खरंच, जरीची बाजू आत गेली होती आणि शिवणीचे दोरे बाहेर लोंबत होते.

"मला शिवता येत नाही, पण सुलट-उलट कळतं." काठी टेकत त्या आल्या आणि मशीनशेजारच्या खुर्चीत बसल्या. "उसवा. मी इथंच बसते. आता दर टाक्याला मला विचारायचं."

"रिजेक्ट न्हाई ना?" साडूंनी विचारलं.

"ते घातल्यावर सांगते. आधी उसवा."

साडू उसवू लागले. ताई डाव्या हाताने बाही ताणून धरत होत्या, ब्लेड सरळ जावं म्हणून. त्यांच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या मशीनवर दोघांचे हात एकत्र आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले. सुलट बाही लागली. मग दार लागलं, आत बायको आणि ताई, बाहेर आम्ही दोन साडू. एक आपली कमर धरून, दुसरा श्वास धरून. आतून ताईंचं ओरडणं येईल म्हणून आमचे कान तिकडे. ओरडणं आलं नाही. "खालून घे... हां... आता वर," एवढंच. मग चर्र असा आवाज, आणि थोड्या वेळाने पुन्हा एकदा चर्र. मग बायको दार उघडून बाहेर आली. ती रडत होती, पण हाताने मला नुसतं 'झालं, झालं' असं सांगत होती.

दिघीला आम्ही पोचलो तेव्हा पाळणा खरंच थांबवून ठेवला होता. पोरगी आईला बघून पायऱ्यांवरच बसली. विहीणबाई ब्लाउजकडे बघून म्हणाल्या, "कुणाकडं शिवलात हो? फिटिंग छान आलंय." ताईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "आहे एक निगडीत. पण त्याच्या मागे लागावं लागतं." कोपऱ्यात पेढा खाणाऱ्या साडूंना ठसका लागला. नात ताईंच्या डाव्या मांडीवर ठेवली, साडूंनी आपला तळवा तिच्या मानेखाली धरला, आणि नाव ताईंनीच कानात सांगितलं.

नंतर कपाटातले बाकीचे ब्लाउजही एकेक करून तसे झाले. ताईंच्या देखरेखीखाली. रोज सकाळी साडू त्यांना ब्लाउज घालून द्यायचे. कंपनीत असताना शिफ्टपायी बायकोची सकाळ त्यांना कधी दिसलीच नव्हती. ती आता दिसू लागली. मी एकदा लवकर गेलो तर आतून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं. भांडणच, पण हळू आवाजातलं, संपायची घाई नसलेलं.

व्यायाम करून करून हल्ली ताईंचा हात सुटत चाललाय. कानापर्यंत जातो. मागच्या महिन्यात त्यांनी साध्या हुकांचा ब्लाउज काढला आणि दार लावून घेतलं. आम्ही सगळे टाळ्या वाजवायला बाहेर थांबलो होतो. सगळ्यांत जास्त आनंद साडूंना झाला, त्यांनी पेढेही आणले.

परवा सकाळी गेलो तेव्हा ते त्या बंद दारासमोर उभे होते. हात मोकळे, चष्मा कपाळावर.

"वेळ लागायलाय का गं? येऊ का?"

"जमतंय मला," आतून ताई म्हणाल्या.

"जमू दे, जमू दे," साडू म्हणाले. पण दारापासून हलले नाहीत.