मागे सरकणारी खुर्ची

डोळ्यांनी दगा दिला की माणूस पुढे सरकतो. सासूबाई शेवटी शेवटी वर्तमानपत्र इतकं जवळ धरायच्या, की नाकाच्या शेंड्याला शाई लागायची. माझे धाकटे दीर मात्र मागे सरकत गेले, आणि म्हणूनच आमच्या घरात कुणाला काही कळलं नाही.

भाऊजी आमच्याबरोबरच राहतात. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "माझी अजून पहिली लेव्हल पार होत नाही, बायकोला कुठं अडकवू?" ते काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होते. पट्ट्यावरून बाटल्या ओळीनं येतात, मागे दुधी काचेतून दिव्याचा उजेड येत असतो, आणि समोर स्टुलावर बसलेल्या माणसानं जाताजाता तडा गेलेली, बुडबुडा धरलेली, तोंडाचा टवका उडालेली बाटली अचूक उचलून बाजूला टाकायची. बाटल्या औषधाच्या, त्यामुळे हयगय चालत नाही. हे काम ते कारखान्यात ठेवून घरी येत नसत. पाहुण्याच्या हातातला पेला बघून सहज म्हणायचे, "याच्या बुडाशी बुडबुडा आहे. फार दिवस टिकायचा नाही." पाहुणा बिचारा पाणी न पिताच पेला खाली ठेवायचा.

आणि दुसरा नाद गेमचा. गेम खेळणारा म्हटलं की लोकांना पसारा आठवतो, पण आमच्या घरातला सगळ्यात नीटनेटका कोपरा भाऊजींचाच. टीव्हीखाली खणात वायरी वेटोळी करून रबरं लावून ठेवलेल्या. बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात स्प्रिंगा, बटणं, इवलेसे स्क्रू. गल्लीत कुणाचाही कंट्रोलर बिघडला की तो आमच्याकडे यायचा. भाऊजी तो उघडायचे, कानात घालायच्या कापसाच्या काडीनं आतली धूळ काढायचे आणि मालकाला दोन शब्द सुनवायचे, "खाताना खेळता ना? आतमध्ये अर्धं जेवण सापडलं."

सकाळपाळीहून आले की अंघोळ, मग त्यांची लाकडी खुर्ची, आणि कानावर हेडफोन. पलीकडे त्यांचा जोडीदार. त्याला भाऊजींनी कधी पाहिलेलं नाही. कुठल्याशा गोदामावर पहारेकरी आहे एवढंच माहीत. खेळताना फार जपून पाऊल टाकतो म्हणून त्याचं नाव कासव. दोघं मिळून एका पडक्या शहरात शिरायचे आणि कोपऱ्याकोपऱ्यातून अंगावर येणाऱ्या शत्रूंना टिपत पलीकडे निघायचे. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. पण एक गोष्ट बघायला मला फार आवडायची. मी चहा घेऊन बाजूला उभी राहिले, की भाऊजींची मान हलत नसे, डोळे पडद्यावरून ढळत नसत, आणि तरी डावा हात कंट्रोलर सोडून बरोब्बर कपाच्या कानावर यायचा. एक थेंब सांडत नसे. हे म्हणायचे, "याला कारखान्यात कशाला ठेवलंय, सर्कशीत द्या."

मग एके दिवशी भाऊजींनी टीव्ही बदलला. मोठा देऊन लहान आणला. सगळी दुनिया लहान देऊन मोठा आणते. हे हसून हसून बेजार. "अरे धाकट्या, पुढच्या वर्षी काय, मनगटावर बांधणार का?"

"मोठ्या पडद्यावर खेळ विस्कटतो," भाऊजी म्हणाले. "सगळं एका नजरेत यायला पाहिजे."

आम्हाला वाटलं, असेल बुवा. नादातल्या माणसाला त्याच्या नादातलं जास्त कळतं.

त्यानंतर खुर्ची हलायला लागली. आधी ती टीव्हीपासून हातभर अंतरावर असे. मग सतरंजीच्या मध्यावर आली, मग कडेला. केर काढताना फरशीवर तिच्या पायांचे ओरखडे दिसायचे, जुन्या ओरखड्यांच्या मागे नवे. शेवटी ती स्वयंपाकघराच्या दाराला येऊन टेकली. मला आत-बाहेर करायला अंग चोरावं लागायचं. मी म्हटलंसुद्धा, "भाऊजी, आणखी थोडं मागे गेलात तर ओट्यावरच बसावं लागेल हं."

"मग तुम्हालाच मदत होईल, वहिनी. भांडी पुसून देईन."

डोळे बरे असलेला माणूसच लांबून बघतो, अशी माझी समजूत. उलट मला कौतुक वाटायचं.

हेडफोनची वायर तुटायला आली तेव्हा भाऊजी काही दिवस स्पीकर लावून खेळले, आणि कासवाचं बोलणं पहिल्यांदा माझ्या कानावर पडलं. घोगरा, चिडका आवाज. "डावीकडे! अरे डावीकडे बघ! मेलास ना. शेजारी उभा राहून मारला तुला. आंधळा झालास का?"

"कंट्रोलर अडकतोय," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंट्रोलर उघडून टेबलावर. सगळा धुऊनपुसून पुन्हा जोडला. पुन्हा तेच. मग नेटला शिव्या झाल्या. मग डब्यातून जुना कंट्रोलर निघाला. मग टीव्हीचा उजेड वाढवला. जे जे बदलता येतं ते ते त्यांनी बदलून पाहिलं. इतकी वर्षं या खेळात घालवलेला माणूस हरला की आधी यंत्रावरच संशय घेतो, तसंच झालं. स्वतःला उघडून बघायचं त्यांच्या मनातही आलं नाही, निदान तेव्हा मला तसं वाटलं.

त्याच आठवड्यात मी चहा घेऊन त्यांच्या डाव्या हाताला उभी राहिले. कप नेहमीच्या उंचीवर. हात आला नाही. वाटलं, खेळ रंगात आला असेल. मी तशीच उभी. वाफ त्यांच्या खांद्यावरून जात होती. कासवाशी काहीतरी हसून बोलत त्यांनी मान वळवली आणि दचकून असे उठले, की माझ्या हातातला कप फरशीवर.

"केव्हा आलात तुम्ही?"

"मघाच आले," मी म्हटलं.

फुटका कप आम्ही दोघांनी मिळून उचलला. पण दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम रिकाम्या हातानं तिथेच जाऊन उभी राहिले. आधी डाव्या अंगाला, मग उजव्या. एकदा हातही हलवला. त्यांच्या कानापासून वीतभर. भाऊजी शांतपणे समोर बघत खेळत होते.

रात्रीच्या जेवणाला मी विषय काढला. "भाऊजी, डोळे दाखवून येऊ या का एकदा?"

"माझे डोळे?" त्यांनी घास खाली ठेवला. "दर वर्षी कारखान्यात तक्ता वाचायला लावतात. सगळ्यात खालची ओळ वाचणारा पाळीत मी एकटा आहे."

हे म्हणाले, "अगं, त्याच्या डोळ्यांवर तर त्याचं सगळं चाललंय. त्याला काय होतंय?"

आणि ते खोटं नव्हतं. समोरची मुंगी त्यांना दिसत होती. ताटाबाहेर ठेवलेला पेला मात्र कोपरानं पडायचा, आणि दर वेळी ते म्हणायचे, "कडेला कुणी ठेवला हा?"

बोलावणं शेवटी कारखान्यातून आलं. कुठल्याशा औषधवाल्यांकडून तक्रार आली होती. टवका उडालेल्या तोंडाच्या बाटल्या भरणीपर्यंत पोचल्या होत्या. एखादी सुटली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, पण बऱ्याच होत्या, आणि सगळ्या भाऊजींच्या पाळीतल्या. सुपरवायझर भला माणूस. म्हणाला, "तुझ्यावर माझा भरवसा आहे, पण वरच्यांना कागद लागतो. डोळ्यांच्या दवाखान्यातून सगळी तपासणी करून आण. कागद नीट असला की स्टूल तुझंच."

यांना रजा नव्हती, म्हणून मी बरोबर गेले.

डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून, दिवा टाकून बराच वेळ आत पाहिलं. चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. "आतला दाब वाढलेला आहे. नजर कुठवर आहे ते मोजून घेऊ," एवढंच म्हणाल्या आणि शेजारच्या अंधाऱ्या खोलीत पाठवलं.

तिथे पांढऱ्या, पोकळ, आडव्या हंड्यासारखं यंत्र होतं. त्याच्या तोंडाशी हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. तपासणीच्या मुलीनं वायरवाला बटणाचा दांडा हातात दिला, तेव्हा भाऊजी माझ्याकडे बघून हसले. "वहिनी, हा तर डाव्या हाताचा मळ."

मी कोपऱ्यात स्टुलावर बसले. यंत्र सुरू झालं. प्रत्येक उजेडाआधी आत काहीतरी फिरल्यासारखा हलका आवाज यायचा, आणि लगेच भाऊजींचा अंगठा. आवाज, अंगठा. आवाज, अंगठा. एकही चुकत नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. उगीच मी घाबरले, असं वाटलं.

दोन्ही डोळे झाले. मुलीनं पडद्यावर काहीतरी पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि दिवा लावला.

"काका, तुम्ही उजेड बघून बटण दाबत नव्हता. आवाज ऐकून दाबत होता."

"असं कसं? सगळे बरोबर आलेत की."

"हे यंत्र मधूनमधून नुसता आवाज करतं. उजेड दाखवतच नाही. त्या प्रत्येक वेळी तुम्ही बटण दाबलंय." तिचा आवाज वाढला नव्हता. "कारखान्याला कागद हवाय, हे बाहेर बोललात ते मी ऐकलं. पण डॉक्टर औषध नजरेच्या या नकाशावरूनच ठरवणार. इथं जिंकलात तर उरलेलं पण जाईल. पाच मिनिटं बाहेर बसा. मग पुन्हा करू."

बाहेरच्या बाकावर भाऊजी गुडघ्यांवर हात ठेवून बसले. समोरून एक बाई व्हीलचेअर ढकलत गेली. पार त्यांच्यासमोर येईपर्यंत त्यांना ती दिसली नाही. पाय मागे घ्यायला उशीर झाला.

"कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले. मग म्हणाले, "टीव्ही बदलला तेव्हापासून. मागे बसलं की सगळं मावायचं, वहिनी. मला वाटलं, खेळात जमतंय, तर स्टूल थोडं मागे घेतलं की तिथेही जमेल."

"आणि जमलं?"

"पट्ट्यावर मागे सरकायला जागाच नसते. पाठीला खांब आहे." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "खरं बटण दाबलं तर स्टूल गेलं. मला दुसरं येतं काय? बघणं सोडून मी आयुष्यात काय केलंय?"

होईल काहीतरी, असं म्हणणं सोपं होतं, पण त्यांना खोटं लगेच दिसायचं, बुडबुड्यासारखं. मी म्हटलं, "भाऊजी, त्या बाटलीचं औषध कुणीतरी पिणार होतं."

"तेच," ते म्हणाले. "रोज तेच डोक्यात येतं. कुणाच्या तरी तोंडात काच."

मुलीनं दारातून हाक मारली. भाऊजी उठले. दाराच्या चौकटीला खांदा लागला. ते आत गेले आणि हनुवटी टेकवली.

पुन्हा दिवा मालवला. पुन्हा तो फिरल्यासारखा आवाज. मी अंधारात त्यांच्या हाताकडे बघत होते. आवाज झाला. अंगठा बटणावर होता, पण हलला नाही. पुन्हा आवाज. नाही. पुन्हा. नाही. इतकी वर्षं मी तो अंगठा पाहत आले होते, जेवतानासुद्धा ताटाच्या काठावर टकटकणारा, आणि आता तो तसाच पडून होता. मध्येच एकदा बटण वाजलं, लागोपाठ दोनदा वाजलं, आणि मग पुन्हा यंत्र एकटंच फिरत राहिलं. त्यांना आवाज ऐकू येत होता. दर वेळी ते स्वतःला थांबवत होते. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मला ऐकवेना, पण उठून जाणं बरं दिसलं नसतं.

कागदावर दोन गोल आले. दोन्ही काळे, मधोमध पांढरा ठिपका, पेल्याच्या बुडाएवढा.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. काळं झालंय ते परत येणार नाही. थेंब न चुकता घातले तर पांढरं आहे ते सांभाळता येईल, कदाचित बरेच दिवस. अशा दुखण्यात मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, म्हणून तक्त्यावर ते सापडलं नाही.

भाऊजींनी तो कागद कारखान्यात स्वतः नेऊन दिला. स्टुलावर दुसरा बसला. त्यांना खोकी जुळवायच्या खोलीत घेतलंय, तेही सुपरवायझरनं शब्द टाकला म्हणून. तिथे खिडकी नाही, आणि बघण्यासारखंही काही नाही, असं ते सांगतात.

चार-सहा दिवस त्यांनी टीव्ही लावलाच नाही. मग एका संध्याकाळी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. ती तिच्या जागेवर, स्वयंपाकघराच्या दाराशी. मी भाजी निवडत होते. वायर एव्हाना पुरती तुटली होती, त्यामुळे स्पीकरच.

"कुठं मेला होतास?" कासव ओरडला.

"ऐक. मला कडेचं दिसत नाही," भाऊजी म्हणाले. "डावीकडचं, उजवीकडचं. समोरचं तेवढं दिसतं."

"नेट गंडलंय?"

"नेट नाही. डोळे."

पलीकडे नुसती खरखर. मग कासव म्हणाला, "म्हणजे मी तुला इतके दिवस आंधळा म्हणायचो ते..."

"बरोबर म्हणायचास."

पुन्हा खरखर. मला वाटलं, गेला हा. कुणालाही जोडीदार धडधाकटच हवा असतो. पडद्यावर दोन माणसं पडक्या भिंतीआड उभी होती, कुणीच हलत नव्हतं.

मी कप घेऊन खुर्चीला वळसा घातला, त्यांच्या बरोब्बर समोर, पडद्याच्या आड येऊन उभी राहिले आणि मोठ्यानं म्हटलं, "चहा."

त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला, म्हाताऱ्या माणसासारखा.

"चल," स्पीकरमधून कासवाचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू. "डावीकडे खिडकीत एक आहे. उजवीकडे दोघं. मी सांगतो तसा चाल."

भाऊजींनी चहा तसाच खाली ठेवला, पायाशी, कडेला, जिथं तो त्यांना दिसणार नव्हता. मी वाकून तो उचलला आणि पुन्हा समोर धरून उभी राहिले.