श्वास रोखणारा

हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की गवताखालची माती किती वायू सोडते, हे मी आणि माझ्याबरोबर पीएचडी करणारा मित्र खडवलीच्या माळावर मोजायचो. गवतावर वायू मोजायचा डबा पालथा घालताना तो श्वास रोखायचा, आपला उच्छ्वास आत जाऊ नये म्हणून. बोलणंही अर्ध्यावर थांबायचं. त्याचे आकडे नेहमी चोख; सरांना त्याचंच कौतुक. माझा नुसता जळफळाट.

परदेशी शिष्यवृत्ती एकच होती, अर्ज दोघांचे.

"काय रे, निकाल?" मी विचारलं.

"अरे, माझं..." तो थांबला. डबा बसवला, कडेची माती शांतपणे दाबली. "...झालं."

"अभिनंदन," म्हणताना माझा भलामोठा सुस्कारा सुटला, माझ्या अर्धवट टेकलेल्या डब्यात.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "तुझ्या डब्यात एवढा कार्बन डायऑक्साइड आला कुठून?"

"मातीतूनच, सर."