क्लेमेंटची ओळ

१९९८ साली आमच्या कॉलेजात वाद्यांशिवाय गाणारा सहा जणांचा ग्रुप होता. त्याची पुढारी मी, लतिका. राग तेव्हा माझ्या नाकावर असायचा. आजही फारसा उतरलेला नाही. सिनेमातली गाणी कॅसेट मागेपुढे करून आम्ही बसवायचो. व्हायोलिन, बासरी, ढोलक, सगळं तोंडानंच. तालीम माणिकपूरला आमच्या फ्लॅटमध्ये, आणि खालच्या मजल्यावरचे काका झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचे.

खर्ज क्लेमेंटचा. नंदाखालच्या केळीच्या वाडीतला हा उंच, लाजरा मुलगा चर्चच्या क्वायरमध्ये तयार झालेला. गाण्याआधी तो स्टीलच्या पेल्यात खुणेपर्यंत पाणी भरायचा, चमच्यानं टण्ण करायचा, आणि तोच आमचा सा. मग गाणं संपेपर्यंत त्याच्या वाट्याला नुसतं ‘दुम दुम’. शब्द एकही नाही.

गॅदरिंगच्या आठवडाभर आधी तो घरच्या सुकेळ्यांचं पुडकं घेऊन आला. वाळवलेली ती केळी म्हणजे आमचा जीव की प्राण.

“आई येणारे,” तो म्हणाला. “घरी दुम दुम करतो, तर विचारते, गाणं कधी शिकवणार तुला? लतिका, एक ओळ दे ना मला.”

“तू खर्ज सोडलास की आम्ही सगळे घसरणार.”

“एकच.”

तीन दिवस मी नाही म्हटलं. चौथ्या दिवशी शेवटच्या कडव्यातली एक ओळ दिली. सुकेळी गोड होती, हेही खरं.

स्टेजवर त्यानं ती ओळ उचलली आणि आमच्या पायाखालची जमीनच गेली. पाचही जण पाच सुरांत. हॉल हसायला लागला. क्लेमेंटनं दोनच शब्द गायले, आमच्याकडे पाहिलं, ओळ तिथंच टाकली आणि पुन्हा ‘दुम दुम’ धरलं. आम्ही सावरलो, पण बक्षीस गेलं.

विंगेत मी त्याला नको नको ते बोलले. शेजारी लाल लुगड्यातली एक बाई उभी होती. मी थांबल्यावर तिनं माझ्या हातात सुकेळ्यांचं आणखी एक पुडकं ठेवलं.

“पोरी, ह्याचा आवाज कोनता, ते मला आज कळलं,” क्लेमेंटची आई, मटिल्डाबाई, म्हणाली. “हा थांबला तवा तुमी सगली पडली.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

क्लेमेंट पुढे सातिवलीच्या एका कारखान्यात लागला, आम्ही बाकीचे पांगलो. २००६ साली मटिल्डाबाई गेली तेव्हा पाचही जण नंदाखालला आलो. चर्चमध्ये तिचं आवडतं गीत आम्ही म्हणणार होतो. क्लेमेंट पुढे, शवपेटीजवळ. आम्ही सुरुवात केली आणि खर्जाशिवाय घसरायला लागलो. त्यानं मान वर केली नाही, पण ‘दुम दुम’ ऐकू आलं. स्वतःच्या आईच्या मिस्सालाही, तिच्यासाठीच्या शेवटच्या प्रार्थनेलाही, तो आम्हालाच सावरत होता.

शेवटच्या ओळीला मी हातानं खूण केली. आम्ही पाचही जण जमेल तितके खाली उतरलो, ‘दुम दुम’ धरलं आणि शब्द सोडून दिले. क्लेमेंटनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

ती ओळ त्यानं एकट्यानं, अख्खी म्हटली. शब्दांत त्याचा आवाज तसा साधाच होता, मधे एकदा फाटलाही. मी चूक काढली नाही.