हर्रास आणि पहिला तास

मी मॅट्रिक नापास आहे असं बुलढाण्याच्या बाजारात काही लोक अजून म्हणतात. मी त्यांना दर वेळी दुरुस्त करतो आणि दर वेळी माझा आवाज चढतो. मी नापास नाही. मला परीक्षेला बसूच दिलं नाही. शाळांची तेव्हा एक रीत होती. बोर्डाच्या परीक्षेआधी शाळा आपली चाचणी घ्यायची आणि तिच्यात जे कच्चे निघतील त्यांचे फॉर्म पाठवायचेच नाहीत. कच्ची पोरं बसली नाहीत की शाळेचा निकाल आपोआप उजळ. ज्या वर्षी माझा फॉर्म अडवला, त्या वर्षी आमच्या हेडमास्तरांना हार घातला गेला. मी तेव्हा दुसऱ्याच्या मळ्यात वांगी तोडत होतो.

पुढे मी मळा सोडला, डोक्यावर पाटी घेतली, पाटीची हातगाडी केली, आणि महाराष्ट्र झाला त्या सुमारास भाजीबाजारात अडत्या होऊन बसलो. आसपासच्या खेड्यांतले बागायतदार माझ्या ओट्यासमोर ढीग लावायचे आणि मी सकाळी हर्रास करायचो, म्हणजे ओरडून बोली लावून माल विकायचो. या धंद्यात मी कोणापुढे वाकलो नाही. पण दिवाळीनंतर शाळेची पोरं पाठीला दप्तर लावून जाताना दिसली की माझं डोकं तापायचं.

अशाच एका दिवाळीनंतर माझी थोरली शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, माझा फॉर्म नाही जाणार."

ती अकरावीला होती, म्हणजे मॅट्रिकचं वर्ष. शाळेच्या चाचणीत इंग्रजी आणि बीजगणितात नापास झाली होती. तिला मास्तरकीच्या ट्रेनिंगला जायचं होतं आणि तिच्या मामाने मेहकरकडचं एक स्थळ आणून ठेवलं होतं. मी मामाला शब्द दिला होता की पोरगी यंदा मॅट्रिकला बसली नाही तर उन्हाळ्यात लग्न. शब्द देताना मला वाटलं होतं, बसणार नाही कशी? आता तिची आई माझ्याकडे बघत होती, आणि तिचं ते बघणं मला सहन होईना. मी टोपी घातली आणि निघालो.

नगरपालिकेच्या हायस्कुलात नवे हेडमास्तर आले होते. पश्चिमेकडचे, किडकिडीत, बोलणं अगदी स्वच्छ.

"बसा," ते म्हणाले.

"बसाले नाई आलो. माह्या पोरीचा फॉर्म काऊन अडवला?"

"अजून कोणाचाच अडवलेला नाही. अडवावा असं शाळा समितीचं म्हणणं आहे. माझं तसं नाही."

माझी भांडणाची सगळी तयारी वाया गेली. भांडायला आलेल्या माणसाला होकार मिळाला की त्याला हात कुठे ठेवावे कळत नाही. मी बसलो.

त्यांनी सांगितलं की शाळेला इमारत एकच, म्हणून वरचे वर्ग सकाळी आणि खालचे दुपारी भरतात. अकरावीचे पहिले दोन तास इंग्रजी आणि गणिताचे. त्या दोन तासांना मागचे बाक रिकामे असतात. "चाचणीत नापास झालेली मुलं आणि त्या बाकांवरची मुलं एकच आहेत," ते म्हणाले. "जवळजवळ सगळी भाजीवाल्यांची. तुमचा लिलाव किती वाजता संपतो?"

माझी पोरगीही त्यांतलीच होती. सकाळी माझ्या ओट्यावर बसून ती बोली लिहून घ्यायची. माझं अक्षर मलाच लागत नाही.

"तास मागं घ्या," मी म्हणालो.

"गणिताचे शिक्षक एकच. पुढच्या तासांना त्यांच्याकडे नववी, दहावी. जागाच नाही."

"मग माह्या एकीचं करा. उद्यापासून ती पहिल्या तासाले हजर."

"एकीचं करणार नाही. सगळी आली पाहिजेत. सगळी आली तर समितीला मी तोंड देईन, सगळ्यांचे फॉर्म पाठवीन आणि शाळा सुटल्यावर त्यांना जादा शिकवीन. नाही आली, तर माझ्या हातात काही नाही."

बाजारात मी समोरच्याला आधी आकडा बोलू देतो. त्या दिवशी आधी मी बोललो होतो. 'माह्या एकीचं' म्हटलं तेव्हाच त्या माणसाला कळलं होतं की मला काय पाहिजे आणि किती पाहिजे.

अडचण माझ्याच ओट्यावर होती. आमच्याकडे नियम असा, की ढिगाजवळ मालकाचं माणूस उभं असल्याशिवाय बोली लागायची नाही. माल हलवला, भाव लपवला, अशा भांडणांतून तो नियम आला होता आणि तो मीच मोठ्याने सांगून पाळायला लावला होता. बाप लोक पहाटेपासून मळ्याला पाणी देण्यात गुंतलेले, म्हणून मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळे, वांगी घेऊन यायचे ते शाळेचे पोट्टे. बाहेरगावचे व्यापारी पहिल्या एस.टी.ने यायचे, तेव्हा कुठे भाव चढायचा. तोवर पोट्टे आपापल्या ढिगाशी उभे. पहिला तास तिथेच जायचा, आणि दुसऱ्याचाही बराचसा.

मी ठरवलं, पोरं ढीग लावून शाळेत जातील आणि माणूस नसला तरी मी बोली लावीन. दुसऱ्या दिवशी देऊळघाटला गेलो. मळ्यात एक म्हातारी बाई वांग्यांतलं गवत काढत होती. तिचे दोन नातू अकरावीत होते.

"म्हंजे ढिगापाशी कोणी नाई अन् भाव तू लावशीन?"

"हाव मावशी. मी हाओ ना."

"तू हायेस म्हणूनच तं माणूस उभा करतो आम्ही!"

शेजारच्या वाफ्यातली माणसं खदाखदा हसली. तिचा मुलगा म्हणाला, "भाऊ, राग नको मानू. पण तुह्या भरवशावर? पोट्टं एक साल मागं पडलं तं चालते." आणखी चार मळे फिरलो. शब्द वेगळे, मतलब हाच. ज्या चलाखीवर मी ओटा उभा केला ती लोकांनी चांगली लक्षात ठेवली होती. 

मग राहिला एकच उपाय, आणि तो मला पसंत नव्हता. माझ्या ओट्यासमोर दुसरा अडत्या बसायचा. आमचं वर्षानुवर्षं पटत नव्हतं. त्याच्याकडेही तशीच पोरं ढीग लावायची. आम्ही दोघं एकमेकांचे नव्हतो, म्हणूनच लोकांचा विश्वास बसला असता. माझ्या हर्रासाला त्याने ढिगांशी उभं राहायचं, त्याच्या हर्रासाला मी.

तो पानाला चुना लावत होता. "काऊन बे, आज इकडं?"

मी सांगितलं. त्याने पान तोंडात घातलं आणि मुद्दाम वेळ घेतला.

"तुह्या पोरीसाठी?"

"सगळ्याच पोट्ट्यायसाठी."

"हाव, हाव. सगळ्याच. मंग एका दिसाआड पहिला हर्रास माहा."

एस.टी.तून उतरलेले व्यापारी आधी माझ्या ओट्यावर यायचे, कारण तो स्टँडच्या अंगाला होता. ती पहिली बोली हाच माझा धंदा. मी त्याला शिव्या दिल्या. त्याने त्या शांतपणे ऐकल्या. हे ठरायला चहाचे तीन कप गेले आणि तिन्ही वेळा मी उठून चालू लागलो होतो. एका दिसाआडच ठरलं, आणि ढिगांशी तो उभा राहणार म्हटल्यावर मळेवालेही तयार झाले.

पुढचे महिने माझे उभ्यानेच गेले. पोरं ढीग लावून चढावरून शाळेकडे पळायची आणि त्यांत माझी पोरगी असायची. बोली मी लिहायचो आणि वाचता न आल्याने व्यापाऱ्यांनाच विचारायचो. हर्रास आटोपला की शाळेच्या फाटकाशी जाऊन सगळी आत गेली की नाही बघायचो, आणि जे पोट्टं बाहेर रेंगाळताना दिसलं त्याला हाताला धरून वर्गात पोचवायचो. शेवटी पोरगीच म्हणाली, "बाबा, फाटकाशी उभे नका राहत जाऊ. पोट्ट्या हसतात मले."

एकदा देऊळघाटच्या त्या म्हातारीचा मुलगा तावातावाने आला. त्याच्या सांभाराला भाव कमी आला होता. "पोट्टं शाळेत पाठवलं अन् तू लुटलं!" मी बाही वर केली. तेवढ्यात समोरचा अडत्या मध्ये पडला. "भाव बराबर होता. मी उभा होतो. माल ओला होता तुहा." तो आल्या वाटेने परत गेला. दहा वर्षांत समोरच्या अडत्याने माझी बाजू घेतली ती तेवढीच, आणि ती मला कोणी थोबाडीत मारावी तशी लागली.

हेडमास्तरांनी शब्द पाळला. सगळ्यांचे फॉर्म गेले. शाळा सुटल्यावर ते आमच्या पोरांना घेऊन बसायचे, अगदी परीक्षेच्या आठवड्यापर्यंत.

निकाल लागला. माझी पोरगी तिसऱ्या वर्गात पास झाली. मामाला मी त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. पण ज्यांचे फॉर्म एरवी अडले असते त्यांतले बरेच नापासही झाले, आणि शाळेचा एकूण निकाल आधीच्या वर्षापेक्षा खाली आला. समितीला तेवढंच पुरलं. हेडमास्तरांना जायला सांगितलं.

मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते पुस्तकं पोत्यात भरत होते. मी म्हणालो, "चला समितीकडं. मी बोलतो."

"काय बोलाल? निकाल खरंच खाली आला आहे."

"माह्यासारखे होते ते. बसले तरी. बसून नापास झाले."

"हे त्यांना कळणार नाही," ते म्हणाले. "तुमची मुलगी पास झाली ना? मग तुमचा सौदा पुरा झाला."

मी एकटाच समितीकडे गेलो आणि एवढा ओरडलो की शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. काही झालं नाही. नव्या हेडमास्तरांनी पहिल्याच वर्षी फॉर्म अडवायला सुरुवात केली, निकाल वर गेला, हार आले.

आमच्या हर्रासाची रीत मात्र बदलली ती बदललीच. समोरचा अडत्या अजून माझ्या ढिगांशी उभा राहतो, मी त्याच्या. पोरं वेळेवर पहिल्या तासाला पोचतात, आणि दिवाळीनंतर त्यांतल्या काहींचे फॉर्म शाळेतच राहतात. माझी पोरगी आता एका खेड्यातल्या शाळेत मास्तरीण आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली की मी समितीकडे जायला टोपी शोधताना तिला दिसतो. ती म्हणते, "बाबा, जाता तं जा, पण शांतपणे बोला."

सुरुवात मी शांतपणेच करतो.